काटा हिरव्यात आहे, पण…

भाऊ, हॉटेलच्या किचनमध्ये आग लागल्यावर आपोआप रसायन फवारणारी सिस्टिम असते; तिच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात असला की झाली तपासणी, असं तुम्ही तुमच्या पोस्टमध्ये म्हटलंय. काटा फक्त दाब सांगतो. भट्टीवरच्या धूर ओढणाऱ्या हूडमध्ये उष्णतेने वितळून सिस्टिम सोडणारी कडी असते; ती तेलाच्या थराखाली दबली असेल, तर उशिरा वितळते. तोवर आग डक्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीत, शिरलेली असते. ती कडी बदलायची असते, पुसून परत लावायची नसते. नोझलची, म्हणजे फवारा सोडणाऱ्या तोंडाची, टोपी गळून पडली असेल, तर आत तेल जाऊन घट्ट बसतं.

आणि सिस्टिम सुटली की गॅसचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो का, हे समोर उभं राहून करून दाखवायला लावा. गॅस चालूच राहिला तर रसायनाने उकळत्या तेलावर धरलेली, आग झाकणारी साबणासारखी साय टिकणार किती वेळ?

आपल्याकडे सावजीच्या भट्ट्या सोयीनुसार सरकतात, नोझल मात्र जुन्याच जागी. फवारा रिकाम्या ओट्यावर!

राज्याच्या २००६ च्या आग-सुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतोच. तो घेताना माणूस शिडीवर चढला का, तेवढं बघा. खालूनच टॉर्च मारून सही ठोकणारे काही कमी नाहीत.