सव्वादोन एकर तीन ठिकाणी, जमिनीची अदलाबदल सरकारच्या सलोखा योजनेत बसेल का?

पारोळा_कपाशी: राम राम मंडळी. आमची सव्वादोन एकर जिरायत तीन ठिकाणी आहे, एक तुकडा तर पार शिवाराच्या टोकाला. बैलजोडी विकली, आता ट्रॅक्टरवाला म्हणतो एवढ्याशा जागेत वळवू कुठं, कपाशीच्या कडेच्या दोन ओळी दरवेळी चाकाखाली जातात. शेजारच्या आबांचंही तेच रडगाणं. त्यांचा एक तुकडा आमच्या बांधाला लागून अन् आमचा त्यांच्या. सलोख्यात होईल का? आणि गावागावात अशी अदलाबदल जुळवणारी काही सोय सरकार का करत नाही?

रावेर_केळी: नाही बसणार भो. 2023 ची ती योजना, नाव एकाचं अन् ताबा दुसऱ्याचा, दोघांचं उलटसुलट, तेही 12 वर्षांपासून असेल तरच मुद्रांक 1000 अन् नोंदणी फी 1000 मध्ये भागतं. तुम्हाला साधा अदलाबदल दस्त करावा लागेल, ज्या जमिनीची किंमत जास्त तिच्यावर मुद्रांक. तुकडेबंदी कायद्याचंही बघा, जिरायत तुकडा 20 गुंठ्यांच्या खाली असेल तर अडतं, पण लगतच्या खातेदाराला देता येतो.

बांधावरचा: पारोळावाले, तुमचं सोपं आहे, दोघांचं जुळलं. बहुतेक ठिकाणी मला आबांचं पाहिजे, आबांना तात्यांचं आणि तात्यांना माझं. दलाल एकेक सौदा करतो, मधेच एकजण फिरला की ज्यानं आधी दिलं तो लटकला, म्हणून कोणीच पहिलं पाऊल टाकत नाही. माझ्या मते सगळ्यांनी आधी लिहून द्यावं, काय देणार, काय घेणार, भारी काळी की मुरमाड, विहिरीत हिस्सा किती. जुळलं तर सगळे दस्त एकाच दिवशी, फरक रोखीनं, नाही जुळलं तर कोणाचं काहीच हललं नाही. नुसती खरेदीविक्री मोकळी केली तर लग्न-दवाखान्याला अडलेला माणूस स्वस्तात विकून बसेल.

शहाद्याचा: नंदुरबारकडं हे करताना जमीन महसूल कायद्याचं कलम 36अ विसरू नका, आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय जात नाही. आणि ते असावंच.

चोपडा_मका: विकतो कोण हो? आमच्याकडं जमीन दुसऱ्याला कसायला देणं सगळं आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तोंडी ठरतं, निम्म्यानं नाहीतर ठोक रकमेनं. लिहून द्यायला मालक घाबरतो, कूळ कायद्यातलं कलम 32-ओ डोक्यात असतं, कसणारा कूळ ठरून जमीनच विकत मागेल म्हणून. कसणाऱ्याकडं कागद नाही म्हणून पीककर्ज नाही. आंध्रात 2019 च्या कायद्यानं 11 महिन्यांचा करार होतो, मालकी हक्काला धक्का नाही, कसणाऱ्याला तो कसतो याचं कार्ड मिळतं. तसं इथं आधी करा.

पारोळा_कपाशी: आभारी आहे. आबा तयार आहेत, पण त्यांच्या तुकड्यात सामाईक विहीर आहे अन् त्यांचे दोन चुलतभाऊ सातबाऱ्यावर. दस्तावर सगळ्यांच्या सह्या लागतील का?