अनुभव धागा : पुळणीवर पिकअप, आणि ती परत वर आली कशी

गेल्या आठवड्यात पुळणीवरून, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरून, गाडीने मासळी उचलण्याचा विषय निघाला, तेव्हा तिघाचौघांनी आपापले किस्से अर्धवट सांगून सोडले. ते सगळे एका ठिकाणी यावेत म्हणून हा धागा. ज्यांना कामासाठी वाळूत गाडी घालावी लागते, त्यांनी लिहा. रील काढायला गाडी लाटांत घालणाऱ्यांनी वाचून गप्प बसलं तरी चालेल. बऱ्याच किनाऱ्यांवर वाहनांना मनाईचे फलक आहेत आणि गोव्यात तर पोलीस थेट गुन्हा दाखल करतात, तेव्हा आधी परवानगीचं बघा.

सुरुवात माझ्यापासून. माझी साधी टू-व्हील ड्राइव्ह पिकअप आहे, मागच्या चाकांवर चालणारी. वेंगुर्ल्याच्या बाजूला रापणीला (किनाऱ्यावरून माणसं जाळं ओढतात ती मासेमारी) बर्फ पोचवायचा आणि मासळी भरून वर यायचं, हा धंदा. पहिल्या वर्षी उतरताना काही वाटलं नाही. ओल्या वाळूवर गाडी डांबरावर चालावी तशी चालली. परत येताना मागे टनभर बांगडा, आणि सुरूंच्या खालची ती कोरडी, पिठासारखी पट्टी. गाडी मंदावली तसा मी पाय दाबला. मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि दहा सेकंदांत डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा) वाळूवर टेकला. गाडी पोटावर बसली.

रापणीतले एक आजोबा चालत आले. म्हणाले, "रेस देव नको. उतर आधी." मग खिशातल्या किल्लीचं टोक त्यांनी व्हॉल्व्हमध्ये दाबून धरलं. माल भरायचा म्हणून मागे ६० पीएसआयच्या (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) घरात हवा होती. ती पार २५पर्यंत उतरवली, टायरचं पोट बाहेर आलेलं दिसेपर्यंत. निम्मे क्रेट उतरवले, चाकांपुढची वाळू हातांनी ओढली, झावळ्या घातल्या. दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच क्लच सोडला तशी गाडी म्हशीसारखी उठली आणि चालायला लागली.

हवा काढायची हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पंक्चरवाला सहा किलोमीटरवर, परत भरायची कुठे, म्हणून काढली नव्हती. माझ्या मते निम्म्या गाड्या ह्याच एका कंटाळ्यापायी रुततात. आता तुम्ही लिहा.

ब्रिस्बेनकर
तुमचे आजोबा आमच्याकडे असते तर त्यांना रेंजरची नोकरी मिळाली असती. मी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये असतो. इथे पिकअपला यूट म्हणतात. क'गारी, म्हणजे पूर्वीचं फ्रेझर आयलंड (२०२३ साली जुनं नाव अधिकृतपणे परत आलं), हे वाळूचं जगातलं सगळ्यात मोठं बेट. तिथला सेव्हन्टी-फाइव्ह माइल बीच हा कायद्याने रस्ताच आहे. वेगमर्यादा ताशी ८० किमी, सीटबेल्ट सक्तीचा, पोलीस श्वासाची तपासणीसुद्धा करतात. वर त्याच वाळूवर छोटी विमानं उतरतात. फोर-व्हील ड्राइव्ह नसेल तर प्रवेशच नाही, आणि परमिट आधी काढावं लागतं.

बेटावर गाड्या नेणारी बार्ज (सपाट बोट) इन्स्किप पॉइंटवरून सुटते आणि खरी परीक्षा तिथेच असते. बार्जपर्यंतची वाळू इतकी मऊ की बेट दिसायच्या आत माणसं फावडी काढतात. आम्ही १८ पीएसआयवर गेलो. हवा कमी केली की टायर रुंद होतो असं सगळे म्हणतात, पण मला दिसलं ते वेगळं. वाळूवर उमटलेला ठसा रुंदीपेक्षा लांबीला जास्त वाढला होता. वजन लांबट पट्टीवर पसरतं, म्हणून चाक खणत नाही.

माझी चूक वाळूत नव्हती, वेगात होती. ओहोटीचं सपाट ओलं मैदान, गाडी ७०वर, बायको म्हणतेय हळू. पावसाचं पाणी समुद्राकडे जाताना वाळूत घळ पाडतं, तिला इथे वॉशआउट म्हणतात. लांबून ती दिसतच नाही, कारण पलीकडची आणि अलीकडची वाळू एकाच रंगाची. दिसली तेव्हा वीस मीटर उरले होते. ब्रेक मारला, नाक खाली गेलं, पुढची चाकं कडेवर आपटली आणि मागच्या हौद्यातली पाण्याची टाकी केबिनच्या काचेवर आली. माणसं सुखरूप, काच गेली. तेव्हापासून सामान पट्ट्यांनी बांधल्याशिवाय निघत नाही आणि वेग ५०च्या पुढे नाही.

एक गंमत सांगतो. समोरून गाडी आली की दोघेही इंडिकेटर देतात, कोण कुठल्या बाजूने जाणार ते कळावं म्हणून. कारण लेन अशी काही नसतेच. ओहोटीच्या आधी दोन तास ते नंतर दोन तास, एवढाच आमचा खेळ.

नाखवा
ओहोटीचं निघालं म्हणून. आमचा बोटींचा व्यवसाय आहे, फोर बाय फोर पिकअप ट्रेलर ओढायला. दर सीझनला पाचसहा पर्यटकांच्या गाड्या ओढतो. मोबाइलवर भरतीच्या वेळा मिळतात, पण जुना हिशोब कुणी विसरू नका. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अंदाजच तो, पण जीव वाचवण्यापुरता पुरतो.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. संध्याकाळी साडेसहाला पाणी पार आत गेलेलं, पुण्याची एक मोठी पांढरी गाडी थेट ओल्या वाळूवर नेऊन उभी. आठला रुतली. तोवर पाणी वळलं होतं, आणि उधाणाची भरती पाऊणएकला. प्रत्येक लाट आली की चाकाखालची वाळू पातळ होते आणि गाडी आणखी बोटभर खाली जाते. लोकांना वाटतं ओली म्हणजे घट्ट. ओली घट्ट असते, पण लाट वरून गेली की नसते.

मी गाडी ओढायचा बेल्ट लावला आणि बघ्यांना लांब व्हायला सांगितलं. ऐकतंय कोण! आधी कुणीतरी नायलॉनचा दोर साध्या हुकाला लावून ओढला होता, तो तुटून सपकन डिकीवर बसला होता. काच फुटली. माणूस मध्ये असता तर? दोरावर ओलं गोणपाट टाका, म्हणजे तुटला तरी फार उडत नाही. ट्रेलर अडकवायच्या गोळ्याला (टो बॉल) तर कधीच बांधू नका, तो गोळीसारखा सुटतो. गाडी साडेनऊला निघाली तेव्हा सीटखाली पाणी होतं. मालक मला म्हणतो, "काका, सर्व्हिसिंग करून घेऊ ना, ठीक होईल?" मी काय बोलणार!

ग्रीसवाला
मी बोलतो, गॅरेज माझं आहे. ठीक नाही होत. खारं पाणी वायरिंगमध्ये गेलं की सहा महिन्यांनी डॅशबोर्डवर रोज बिघाडाचा नवा दिवा लागतो. पण न बुडालेल्या पिकअपचंही ऐका. रापणवाल्यांच्या गाड्या वरून चकचकीत आणि खालून पापड. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मध्ये खार बसतो आणि पानं एकमेकांपासून सुटायला लागतात. पुळणीवरून आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, दुसऱ्या दिवशी नको. ब्रेकच्या ड्रममध्ये वाळू राहिली तर करकर आवाज येतो. तो आला की ड्रम उघडा, स्पीकर वाढवू नका.

अंड्यापिल्लांची
माझ्याकडे गाडी नाही, तरी लिहिते. रत्नागिरी जिल्ह्यात कासवांच्या कामाला जाते. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडलेच्या माद्या अंडी घालायला येतात. सापडलेली घरटी आम्ही हॅचरीत (अंडी राखायच्या कुंपणात) हलवतो, पण सगळी सापडत नाहीत, आणि घरटं वरून दिसत नाही. गेल्या फेब्रुवारीत पहाटे टॉर्च घेऊन फिरताना एका चाकोरीत चार पिल्लं होती. चाकाचा खड्डा आपल्या पावलाएवढा खोल, पण त्यांना भिंत. समुद्र उजवीकडे आणि ती चाकोरीच्या रेषेत सरळ चालत होती, किनाऱ्याला समांतर. उचलून पाण्याजवळ सोडली. तुम्हाला जायचंच असेल तर भरतीच्या रेषेखालून जा, एकाच मार्गाने जा-ये करा आणि रात्री नको.

सुरूबन
ताईंचं पटलं. पण कोरड्या पट्टीतून वर यावंच लागतं, तिथे काय करायचं?

(धागाकर्ता)
एकच वाट ठरवा. आमच्याकडे रापणकरांनी एका जागी झावळ्या आणि जुनी जाळी अंथरून उतार केलाय, सगळे तिथूनच.

शार्लटकर
अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात केप हॅटरसच्या किनाऱ्यावर गाडी न्यायचं परमिट घेतलं तेव्हा गाडीत काय असलंच पाहिजे ते सांगितलं. फावडं, हवा मोजायचा गेज, जॅक, आणि जॅकखाली ठेवायला फळी. फळीचं हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पिकअपवाल्याचा जॅक वाळूत हँडलपर्यंत गेला, तेव्हा आमची फळी त्याला दिली.

कन्नूरला जाऊन आलेला
केरळात मुळप्पिलंगाडला बीचवर गाडी चालवायला अधिकृत मुभा आहे. चारेक किलोमीटर घट्ट वाळू, साधी हॅचबॅकसुद्धा आरामात चालते. तोच आत्मविश्वास घेऊन मी आमच्या गुहागरला आलो. पुढचं सांगत नाही. ट्रॅक्टरवाल्याने तीन हजार घेतले.

सुरूबन
थांबायचं कसं, तेही सांगा कुणी. मी ब्रेक मारून थांबलो की हमखास रुततो.

नाखवा
ब्रेकच नको. पाय काढा, गाडी आपोआप थांबते. ब्रेक मारला की चाकापुढे वाळूचा ढीग होतो आणि निघताना तोच चढायचा. नाक उताराकडे ठेवून थांबा. निघताना स्टिअरिंग सरळ. रुतलीच तर आपल्याच चाकोरीतून आधी मागे घ्या, ती वाळू दाबलेली असते.

सुरूबन
आणि हवा भरायचा पंप कुठला घेऊ? बारा व्होल्टचा सिगारेट सॉकेटला लागणारा पिकअपच्या टायरला पुरेल का?

(धागाकर्ता)
नाही पुरत, फ्यूज जातो. थेट बॅटरीला चिमटे लावणारा घ्या. मागच्या दोन चाकांना मला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात टपरीवर चहा होतो.