होळीनंतरची सांदवाडी: दोडक्याची कोवळी फळं गळतात, मोगरा नुसता पाल्यावर आहे. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. घरामागे सांदवाडी आहे, माती भारी काळी, पाणी विहिरीचं. सांदवाडी मी आणि सासूबाई मिळून पाहतो. फाल्गुन-चैत्राचे हे दिवस मला वर्षातले सगळ्यात आवडते. लिंबू फुलावर आहे, पहाटे मागचं दार उघडलं की तो वास सरळ चुलीपर्यंत येतो. मुनग्याला फुलं आणि शेंगा एकदमच लागल्या आहेत. झाडाखाली पडलेली फुलं वेचून बेसन लावून भाजी होते, आणि वर शिंजीर दिवसभर चिवचिवत असतो. कडुनिंबाचा पाला झडून अंगणभर पडतोय, फांद्यांवर तांबूस नवी पालवी दिसायला लागली आहे. बांधावरचा पळस तर सांगायलाच नको.

पण आपल्याकडे हा काळ किती थोडा असतो ते तुम्हाला माहीत आहे. एप्रिल अर्धा झाला की ऊन असं तापतं की मग नवीन काही लावायचं नाही, जे आहे ते जगवायचं एवढंच उरतं. म्हणून आत्ताच विचारते.

१) दोडका आणि कोहळं तुराट्यांच्या मांडवावर चांगलं चढलं आहे. फुलं भरपूर, पण दोडक्याची बोटाएवढी फळं पिवळी पडून गळतात. कोहळ्याची तर सुपारीएवढी असतानाच. वेल हिरवागार आहे, पानांवर रोग दिसत नाही.

२) मोगऱ्याचं झुडूप जुनं आहे. पूर्वी पाडव्यापर्यंत ओंजळभर फुलं रोज निघायची. आता पानं गडद हिरवी, फांद्या लांब, कळी मात्र नाही. शेजारचा कडुनिंब गेल्या काही वर्षांत खूप पसरला आहे, हे कारण असेल का?

३) लिंबाखाली फुलांचा सडा पडतो. गळ आहे की नैसर्गिक आहे?

४) हिवाळ्यातला सांबार (कोथिंबीर) फुलावर आला आहे. सासूबाईंचं म्हणणं, तो उपटून त्या वाफ्यात भेंडी टोकावी. मला तो धन्यांसाठी ठेवावासा वाटतो. शिवाय त्या पांढऱ्या फुलांवर सकाळी इतक्या मधमाशा असतात की उपटायला हात होत नाही. पण भेंडीचा हंगाम निघून जाईल ही त्यांची काळजीही खरी आहे.

फवारणीची औषधं घरच्या भाजीवर शक्यतो नको आहेत. लहान मुलं सांदवाडीतच खेळतात, काकडी तोडून तशीच खातात.

प्रतिसाद (अमरावती जिल्ह्यातून)

ताई, आधी गळलेलं एक दोडकं चिरून पाहा. आत बारीक पांढऱ्या अळ्या असल्या तर फळमाशी आहे. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. अळी नसेल आणि फळ नुसतं सुकून आखडलं असेल तर परागीभवन झालेलं नाही.

या वेलींवर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतंच, म्हणून आपल्याला वाटतं फळ लागलं. पराग पोचला नाही की तेच पिवळं पडून गळतं. आधी नर फुलंच जास्त येतात आणि उन्हाळा वाढतो तशी नर फुलं आणखी वाढतात, तेव्हा नुसत्या फुलांच्या संख्येवर जाऊ नका.

हातानं पराग लावता येतो, वेळ मात्र सांभाळा. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढेपर्यंत मिटतं, त्यामुळे सकाळी लवकर. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, दिवे लागायच्या सुमारास. बरेच लोक दोडक्याचंही सकाळी करायला जातात आणि हाती काही लागत नाही. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलका टेकवायचा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं.

फळमाशी निघाली तर कृषी केंद्रात वेलवर्गीय भाज्यांचा गंधसापळा मागा, क्यू ल्यूरचा. आंब्यासाठी मिळतो तो मिथाइल युजेनॉलचा, तो इथे चालत नाही. सापळ्यात नर माश्या अडकतात. किडकी फळं उकिरड्यावर टाकू नका, अळी मातीत जाऊन कोष करते आणि पुन्हा माशी तयार होते. पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा.

आणि सांबार उपटू नका! तुमच्या मांडवाला ज्या मधमाशा हव्या आहेत, त्या त्याच वाफ्यावर येतात. मावा खाणारे लाल ठिपकेवाले भुंगेही तिथेच असतात.

प्रतिसाद (यवतमाळहून)

मोगऱ्याचं कारण तुम्हीच सांगितलंत. त्याला दिवसाचं निदान पाच-सहा तास ऊन पाहिजे. सावलीत फांद्या उजेड शोधत लांब होतात आणि कळी धरत नाही. त्या बाजूच्या कडुनिंबाच्या दोन-चार खालच्या फांद्या आता उतरवा, पालवी यायच्या दिवसांत झाड लवकर सावरतं.

मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग छाटून, शेणखत घालून पाणी सुरू करतात. यंदा ती वेळ गेली असली तरी लांब फांद्यांचे शेंडे वीतभर छाटा, जुनी पानं ओरबाडून काढा, कुजलेलं शेणखत घाला. युरिया अजिबात नको, त्यानं पालाच वाढतो. बहर थोडा उशिरा येईल, पण येईल. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये याच पद्धतीनं चांगला येतो.

प्रतिसाद (वरुडकडून, संत्रेवाला)

ताई, लिंबाची बहुतेक फुलं गळतातच, तेवढी फळं झाड पेलूच शकत नाही. फुलांच्या सड्याची चिंता नका करू. फळ वाटाण्याएवढं झाल्यावर गळ लागली तर ते पाण्यामुळे. काळी माती वाळली की फाटते, बारीक मुळ्या तुटतात, मग घाईनं भरपूर पाणी दिलं की झाड फळ टाकून देतं. पाणी थोडं द्या पण नेमानं द्या. खोडाला पाणी लागू देऊ नका. खोडाभोवती मातीची भर, तिच्या बाहेर गोल आळं, पाणी त्या आळ्यात. याला आमच्याकडे डबल रिंग म्हणतात, संत्र्याला हेच करतो. डिंक्या रोग खोड ओलं राहिल्यानंच वाढतो.

आळ्यात सोयाबीनचं कुटार नाही तर तुमच्या अंगणातला कडुनिंबाचा पाला टाका, जमीन फाटत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दोडकी चिरली, दोनांत अळ्या निघाल्या आणि कोहळ्यात काहीच नाही. म्हणजे दोन्ही कारणं आहेत. सासूबाईंना मधमाशांचं सांगितलं. सांबाराचा अर्धा वाफा ठेवायचा ठरलं, अर्ध्यात भेंडी. बी रात्री भिजत घातलं आहे.

एक शंका राहिली. कडुनिंबाच्या पाल्यानं उधई (वाळवी) लिंबाच्या खोडाला लागेल का? सांदवाडीच्या कोपऱ्यात वारूळ आहे.

प्रतिसाद (वरुडकडून, संत्रेवाला)

लागू शकते, वाळक्या पाल्याला ती येतेच. खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवून पाला पसरा आणि पाणी देताना खोडावर एक नजर टाकत जा. मातीची पापुद्र्यासारखी रेघ वर चढताना दिसली तर लगेच खरवडून काढा. पावसाळ्याआधी खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. तुमच्या एका झाडाला 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना आणि 1 लिटर पाणी भरपूर झालं. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवा, लोखंडी भांडं घेऊ नका. आणि लावाल त्या दिवशी मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.