पेनच्या ठोकळ्यातलं भोक
लाकडी पेन करताना ठोकळ्याला ड्रिलने भोक पाडून त्यात पितळी नळी चिकटवतात. भोक मोठं पडून नळी डुगडुगते, त्यावर नवा बिट (ड्रिलचं भोक पाडणारं पातं) घेतला की ती डुगडुगणार नाही, असं इथे वर कुणीतरी लिहिलंय; ते अर्धंच पटलं. ७ मिमीच्या बिटाची एक धार दुसरीपेक्षा लांब घासलेली असेल, तर नवा काय नि जुना काय, भोक मोठंच पडणार. भुसा बघा, बिटाच्या दोन्ही खाचांतून सारखा यायला हवा.

बिट बाहेर पडतो त्या खालच्या बाजूला लाकूड फुटतं त्याबद्दल मात्र कुणीच लिहिलं नाही. मी ठोकळा सेंटिमीटरभर जास्त लांब ठेवतो आणि भोक आरपार नेतच नाही. नंतर तेवढं टोक करवतीने उडवलं की तोंड स्वच्छ उघडतं. शिसवीसारख्या घट्ट लाकडात बिट सारखा बाहेर काढून भुसा झटकावा लागतो (कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही). नाहीतर बिट तापतो आणि लाकूड निवल्यावर भोक आवळतं. नळी चिकटवणाऱ्या गोंदालाही (इपॉक्सीला) जागा हवीच, म्हणून कोरडी नळी बोटाने सरकली पाहिजे, हातोडीने नव्हे.