म्हातारे उंदीर नसतील तर स्कोपोलामाइनवर भागेल का?

प्रश्न:
मी पुण्यात एम. फार्म. करीत असून, वृद्धत्वातील स्मरणशक्तीवर ब्राह्मीच्या अर्काचा होणारा परिणाम हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. आमच्या ॲनिमल हाउसमध्ये १८ ते २४ महिन्यांचे उंदीर नाहीत आणि ते वाढवत बसण्याइतका वेळही नाही. म्हणून तरुण उंदरांना स्कोपोलामाइन देऊन विस्मरण घडवावे, असे मार्गदर्शकांनी सुचवले आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष वार्धक्याला लागू होईल का?

उत्तर १:
होणार नाही. स्कोपोलामाइन ॲसिटिलकोलीन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे मस्कॅरिनिक रिसेप्टर (संदेश स्वीकारणारे ग्राहक) अडवते आणि त्याचा अंमल काही तासांत उतरतो. वार्धक्यातील विस्मरण मात्र महिनोन्‌महिने साचत जाते. शिवाय डोनेपेझिलसारखे ॲसिटिलकोलीन टिकवून धरणारे औषध या चाचणीत सहसा यशस्वी ठरते, कारण प्रश्नपत्रिकाच त्याच्या उत्तरावरून बेतलेली असते. प्रयोग अवश्य करा, मात्र शीर्षकातून ‘वृद्धत्व’ हा शब्द काढा.

उत्तर २:
सहमत आहे, पण म्हातारे उंदीर मिळाले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या जलचाचणीत उंदराला गढूळ पाण्याखाली दडवलेला चौथरा शोधावा लागतो. त्याला लागलेला वेळ पाहून आपण म्हाताऱ्या उंदराला विसराळू ठरवतो. प्रत्यक्षात तो सावकाश पोहत असतो, भोवतालच्या खुणा त्याला नीट दिसत नसतात (पांढऱ्या विस्टार जातीच्या उंदरांची नजर तशीही अधूच), किंवा तो पाण्यात गारठलेला असतो. म्हणून वेळेवर विसंबू नका. कापलेले अंतर आणि पोहण्याचा वेग वेगवेगळे नोंदवा, आणि चौथरा पाण्यावर उघडा ठेवूनही एक फेरी घ्या. समोर दिसणारा चौथराही ज्याला गाठता येत नाही, त्याच्या स्मरणशक्तीविषयी त्या चाचणीतून काहीच सांगता येत नाही. तरुण उंदरांच्या एका गटालाही तेच औषध द्या. दोन्ही गट नुसतेच चपळ झाले, तर औषध उत्तेजक आहे की स्मृतिवर्धक, हा प्रश्न उरतोच.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. शीर्षक बदलण्याविषयी मार्गदर्शकांशी बोलते. पुढे कधी म्हातारे उंदीर घेतले, तर मंजुरीसाठी वेगळे काही लिहावे लागेल का?

उत्तर २:
संख्या मागताना मधल्या मृत्यूंची तरतूद कारणासह लिहा. या वयात गाठी होतात, काही उंदीर प्रयोग संपण्याआधीच मरतात, आणि ऐन वेळी वाढीव उंदीर हवे झाले तर प्राणिप्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीकडे पुन्हा अर्ज करावा लागतो.