मदत हवी आहे : निनावी लिहायचे तर टॉर की व्हीपीएन?

सोलापुरातील यंत्रमाग कामगारांच्या प्रश्नांवर आम्ही काही जण लिहितो. प्रशासनावरील टीका यापुढे निनावी प्रसिद्ध करावी, असे सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. एप्रिल २०२२ मधील सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) निर्देशांनुसार व्हीपीएन (आपली इंटरनेट जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) कंपन्यांनी ग्राहकांचे नाव, पत्ता आणि आयपी क्रमांक (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) किमान ५ वर्षे जपून ठेवायचे आहेत, त्यामुळे त्या वाटेवर माझा फारसा भरवसा नाही.

टॉर या निनावी वापरासाठीच्या जाळ्यात संदेश तीन टप्प्यांतून, म्हणजे मधल्या तीन संगणकांतून जातो. पहिल्याला पाठवणारा कळतो, शेवटच्याला संदेश कुठे जातो ते कळते, दोन्ही गोष्टी एकाच टप्प्याला कळत नाहीत. तथापि टॉर वापरले जात आहे, एवढे इंटरनेट पुरवठादाराला दिसते. २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात बॉम्बची खोटी धमकी देणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत तपास पोहोचला तो तेथील वाय-फायवरून टॉर वापरल्याच्या नोंदीमुळे. (आमचे काम तसले नाही, हे सांगणे नलगे.) आमच्या अक्कलकोट रोड परिसरात असे वापरकर्ते कितीसे असणार? म्हणजे आम्ही सहज ओळखू येऊ.

टॉरचा वापर लपवणारे ‘ब्रिज’ मोबाइलवर कोणी चालवले आहेत का? शिवाय पगाराच्या चिठ्ठीच्या फोटोत वेळ, ठिकाण आणि कोपऱ्यातला कामगार क्रमांकही राहतो. चिठ्ठीचा बाकी मजकूर वाचण्याजोगा ठेवून हे सारे खात्रीने कसे पुसावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.