सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये घरचा हरिपाठ: अडकणारी पेटी, उतरलेला पखवाज आणि नोकरीच्या वेळा

खाडीवारा, सीवूड्स
नमस्कार मंडळी. खाडीपासून चालत 10 मिनिटांवर, नवव्या मजल्यावर घर. डबल रीडची पेटी (हार्मोनियम), पखवाज आणि टाळांच्या 4 जोड्या बरीच वर्षं माळ्यावर होत्या, आता घरात हरिपाठ सुरू करायचाय. अडचणी अशा:

पेटीच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. तिसरी न दाबताच वाजत राहते.
पखवाजाची शाईची (काळ्या लेपाची) बाजू बद्द वाजते, सूरच लागत नाही.
घरातले दोघे नोकरीला, एक ऐरोलीत, एक फोर्टला. साडेसातच्या आत कुणी घरी नाही. मग एकादशी पाळायची की सरळ शनिवार धरायचा?
पुरुष 2, बायका 3, शिवाय 11 वर्षांची मुलगी. सगळ्यांना जमेल अशी गाण्याची पट्टी (सा कुठे धरायचा ते) कोणती?

काळीचार, नौपाडा
पेटीपुरतं सांगतो. वर न येणाऱ्या पट्ट्या बहुतेक फुगल्यात. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते, लाकूड पाणी धरतं आणि शेजारशेजारच्या पट्ट्या एकमेकींना घासतात. पट्टी बोटाने डावी-उजवीकडे हलवून बघा. जराही हलत नसेल तर दोष फुगण्याचाच. कृपा करून पॉलिश पेपर हातात घेऊ नका. जुलैत घासलेली पट्टी डिसेंबरात खडखडते, आणि ती परत जाड करता येत नाही. आधी वाळू द्या.

आपोआप वाजणाऱ्या पट्टीचं निदान वेगळं. पट्टीच्या मागच्या टोकाखाली भोक झाकणारं मऊ चामडं असतं. त्याखाली केस, धूळ, कधी झुरळाची अंडी अडकली की भोक पूर्ण बंद होत नाही. वरची जाळी काढा, ती पट्टी 5-6 वेळा झटकन दाबून सोडा. थांबली नाही तर पट्टी दाबून धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने भोकाभोवतीचा कचरा बाहेर काढा. आत ढकलू नका, खाली रीड (कंप पावून सूर देणारी पितळी पात) आहे. तरीही वाजली तर स्प्रिंग ढिली झालीय किंवा गंजलीय, ती बदलावी लागेल.

एखादा सूर घरघरत असेल तर रीडच्या जिभेखालून पातळ कागदाची पट्टी अलगद सरकवा, बस. पितळेला ब्लेड लावायचं नाही. जीभ टोकाकडे खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. दोन्हीकडे खरवडून वाया घालवलेल्या पेट्या दुरुस्तीला येतात, तेव्हा रीडच बदलावी लागते.

भाता तपासायला सगळे खटके (पुढचे ओढायचे दांडे) बंद करा, हवा भरा, हात सोडा. भाता पटकन बसला तर कुठेतरी हवा गळतेय. बहुतेक घडीच्या कोपऱ्यातलं चामडं सुटलेलं असतं.

ठेवताना प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आतली ओल आतच राहते. सुती कापड, आणि सोबत कापडी पुरचुंड्यांत 300 ग्रॅम सिलिका जेल. दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर मूळ रंग येईपर्यंत परतायचे. बाहेरच्या भिंतीला टेकवून तर मुळीच नको. खाडीकडच्या भिंती पावसाळाभर ओल सोडतात.

आठमात्रा, ऐरोली
पखवाजाकडे वळतो. ओलीने चामडं सैल पडलंय, दुसरं काही नाही. शाई मात्र नीट बघा. बोटाने दाबल्यावर पापुद्रे सुटत असतील तर ठोकून उपयोग नाही, नवी पुडी (चामड्याचं तोंड) चढवावी लागेल.

शाई शाबूत असेल तर आधी दोन दिवस पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. ऊन, हेअर ड्रायर, गॅसची धग यांतलं काहीही नको, शाई तडकते. मग हातोडी घ्या. गजऱ्यावर (पुडीच्या कडेची चामड्याची वेणी) पुडीच्या बाजूने ठोकलं की सूर चढतो, उलट बाजूने ठोकलं की उतरतो. एका जागी ठोकलं की लगेच समोरासमोरच्या जागी, असं फिरत जा. एकाच कडेला जोर लावलात तर एका पुडीत दोन सूर ऐकू येतील. गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) एकदम सरकवू नका, वादी (ताणलेली चामड्याची पट्टी) तुटते.

डाव्या तोंडाला कणीक. पोळीच्या कणकेपेक्षा जरा सैल मळा, मोठ्या लिंबाएवढा गोळा पुरतो. जास्त लावली की आवाज खाली जातो, घट्ट लावली की मध्येच सुटून पडते. वाजवून झाल्यावर लगेच काढा आणि ओलसर फडक्याने पुसून वाळवा. रात्रभर राहिलेली कणीक म्हणजे मुंग्यांना आवतण आणि पुडीला बुरशी.

हरिपाठी, घोडबंदर रोड
एकादशी साधारण पंधरवड्याने येते आणि वार फिरतो. नोकरीवाल्या घराने तीच एक धरली तर दोन महिन्यांत खंड पडतो. शनिवार कायम ठेवा, एकादशीला फक्त नामस्मरण आणि रूपाचा अभंग, 15 मिनिटं. उपवासामुळे स्वयंपाकघरातून लवकर सुटका होते, असा आपला समज. साबुदाण्याच्या खिचडीला लागणारा वेळ कुणी मोजत नाही!

ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे 27 अभंग, काही पोथ्यांत 28. ध्रुवपद घोळवत म्हटलं तर पाऊण तास लागतो, सरळ म्हटलं तर अर्धा. साडेआठला बसलात तर आरती आणि पसायदान धरून पावणेदहापर्यंत आटोपतं. दहानंतर मात्र हात आवरा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6, आणि वस्तीत मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल.

शेजाऱ्यांना त्रास पखवाजापेक्षा टाळांचा जास्त, तो आवाज खिडकीतून थेट बाहेर जातो. चारांऐवजी एक जोडी वाजवा, बाकीच्यांनी टाळ्या. पखवाजाचा ठोका स्लॅबमधून खाली उतरतो, म्हणून तो गादीवर किंवा घडी घातलेल्या सतरंजीवर ठेवा.

पट्टीचं गणित (काळी 1 म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी सा धरायची, तसंच बाकीचं): पुरुषांना काळी 1 सोपी, बायकांना साधारण काळी 4. मधली पांढरी 4 घ्या. हरिपाठाची साधी चाल बरीचशी सा ते प एवढ्यातच फिरते, त्यामुळे कुणाला ओढावं लागत नाही. मुलीलाही त्याच पट्टीत म्हणू द्या, खाली सूर पुरला नाही तर तेवढ्या ओळीला टाळी धरेल. तिला ठेका सांभाळायला दिलात तर उत्तमच. घरच्या भजनात सूर जाण्याआधी लय पळते, आणि पळवतात ती मोठी माणसं.

खाडीवारा, सीवूड्स
मनापासून आभार. दोन शंका. पखवाज पांढरी 4 पर्यंत चढतच नसेल तर? आणि पेटीजवळ रात्रभर 40 वॅटचा बल्ब लावावा असं कुणीतरी सुचवलंय.

आठमात्रा, ऐरोली
चढत नसेल तर हट्ट नको, पुडी फाटेल. पांढरी 4 चा पंचम (सा पासून पाचवा सूर) म्हणजे पांढरी 1, त्यात लावा. खुशाल जुळेल.

काळीचार, नौपाडा
बल्ब खोलीतल्या कपाटात चालेल, पेटीच्या पोटात नको. एकाच बाजूने तापलं की फळी वाकते आणि सरस सुटतो. शिवाय बल्ब बंद केल्यावर ओल परत येते. त्यापेक्षा रोज 10 मिनिटं वाजवा. हवा खेळती राहते, पट्ट्याही मोकळ्या होतात.